नऊ एकांचा वर्ग हाताने फोडताना : प्रकल्पाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

संख्या ठरली : १२३४५६७८९८७६५४३२१.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आठवी-नववीची मुलं गणितासाठी जमतात. १७ जानेवारीला गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा जन्मदिवस (१९०५, डहाणू). त्या दिवशी हॉलमध्ये एक फलक लावायचा आणि त्यावर एकच मोठी संख्या पूर्ण उघडून दाखवायची, असं ठरवलं आहे. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे देवळालीच्या शाळेत ते १९६२ पर्यंत शिकवत राहिले. १, १२१, १२३२१ या घराण्याला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. आपली संख्या त्याच घराण्यातली नववी : १११११११११ चा वर्ग.

नियम एकच. आधी हाताने, मग यंत्राने. यंत्र फक्त ताळा पाहायला.

नोंदी ठेवतो आहे त्या अशासाठी, की आणखी कुणाला शाळेत किंवा वाड्यात हे करायचं असेल तर कुठे वेळ जातो ते आधीच कळावं.

संख्या वाचायची कशी यावर बरीच चर्चा झाली. कोटीच्या पुढे मुलांकडे नावंच नव्हती. भास्कराचार्यांची स्थानांची यादी फळ्यावर लिहिली : अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या १७ अंकी, म्हणजे पहिला १ बसतो मध्य या स्थानी, परार्धाच्या एक घर अलीकडे.

१४ डिसेंबर

गुणाकार. अप्पा बळवंत चौकातून मोठ्या चौकोनांचा आलेख कागद आणला. साध्या वहीत रकाने सरकतात आणि मग सगळं मुसळ केरात.

१११११११११ ला त्याच संख्येने गुणायचं म्हणजे नऊ ओळी लिहायच्या, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. उभ्या रकान्यांत एक मोजत जायचं. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. नवाच्या वर बेरीज कुठेच जात नाही, म्हणून हातचा येत नाही. म्हणूनच अंक असे चढून उतरतात. हे कागदावर दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ईशाने विचारलं, "काका, दहा एक घेतले तर?" लगेच करून पाहिलं. मधल्या रकान्यात दहा आले, हातचा आला, आणि उत्तर निघालं १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मधोमध तुटला. नववी संख्या या चढउताराची शेवटची आहे, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळलं. आजच्या दिवसाचं खरं काम ते.

ताळ्याबद्दल महत्त्वाचं. नवाचा ताळा (अंकांची बेरीज नवाने भागून बाकी जुळवणं) इथे कुचकामी आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, वर्गाच्या अंकांची ८१, दोन्हीकडे शून्यच उरतं. उत्तरातले दोन अंक उलटसुलट झाले तरी ताळा जुळल्यासारखा दिसतो. अकराचा ताळा घ्या : अंक एकाआड एक अधिक-उणे करायचे. १११११११११ चे उरतात १. वर्गात एकाआड एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०, फरक १. एकाचा वर्ग एक. जुळलं.

२१ डिसेंबर

फोडायला, म्हणजे मूळ अवयव काढायला, सुरुवात. जिचा वर्ग केला ती १११११११११ फोडली की वर्गाचे अवयव आपोआप मिळतात, प्रत्येक घात दुप्पट होतो. सतरा अंकांशी थेट झुंजायची गरज नाही.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार १२३४५६७९. आठ कुठे गेला, हा प्रश्न दरवेळी येतोच, म्हणून सगळा भागाकार फळ्यावर लांबवून केला. १ ला भाग जात नाही, बाकी १. मग ११, भागाकारात १, बाकी २. मग २१, भागाकारात २, बाकी ३. बाकी दर पायरीला एकाने वाढते : ३१, ४१, ५१, ६१, ७१. एकाहत्तरला सात, बाकी ८. आता वरून शेवटचा १ उतरतो आणि होतात ८१. इथे आठ लावले तर बाकी ९ राहील, म्हणजे आणखी एकदा भाग जातोच. म्हणून सातानंतर थेट नऊ. आठाला जागाच मिळत नाही.

१२३४५६७९ च्या अंकांची बेरीज ३७. सोहमने गंमत म्हणून ३७ नेच भागून पाहिलं आणि भाग निःशेष गेला : ३३३६६७. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं आहे. म्हणजे १२३४५६७९ हर्षद, १११११११११ हर्षद (बेरीज ९), आणि वर्गही हर्षद, कारण त्याची बेरीज ८१ आणि अवयवांत ८१ आहेतच.

घाईत असाल तर दुसरी वाट अशी : १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. दोन ओळींत काम. आम्ही लांबच्या वाटेने गेलो याचं मला वाईट वाटत नाही, आठाचं कोडं त्याच वाटेवर सुटलं.

आता उरला ३३३६६७. मूळ की संयुक्त?

२८ डिसेंबर

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला दिवस.

५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ३३३६६७ ला अवयव असेल तर त्यातला एक तरी ५७७ किंवा त्याहून लहान हवा. ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६. यादी मुलांत वाटली आणि सगळे भागाकाराला बसले.

सकाळ संपली तेव्हा दोनशेच्या आसपास पोचलो होतो. मुलं कंटाळली आणि कंटाळलेला हात चुकतो. मधेच आरडाओरडा झाला : "१६३ ने गेला! पूर्ण गेला!" १६३ × २०४७, बाकी शून्य. सगळे उठून त्या वहीभोवती गोळा झाले.

वहीत भाज्य नीट पाहिला. वरच्या ओळीतला इंग्रजी सात घाईत आडवी रेघ न देता लिहिलेला, खालच्या ओळीत तो एक होऊन उतरला होता. भागाकार बिनचूक होता, पण तो ३३३६६१ चा. ती संख्या खरोखरच १६३ × २०४७ आहे. आपल्या संख्येला १६३ ने भागल्यावर बाकी ६ उरते.

इथे मात्र नवाचा ताळा लगेच कामाला आला. ३३३६६७ ची बेरीज २८, उरतो १. १६३ चा उरतो १, २०४७ चे उरतात ४. चार आणि एक जुळत नाहीत. यापुढे भाग निःशेष गेला असं कुणी म्हटलं की आधी ताळा, मग आरोळी. आणि देवनागरी अंक वापरा. १ आणि ७ एकमेकांसारखे दिसत नाहीत.

यादी अर्धीच राहिली. असंच पुढे ढकलत न्यायचं नाही, काहीतरी वाट काढायला हवी.

१ जानेवारी २०२६

वाट सापडली, आणि ती आवर्ती दशांशांतून निघाली. आठवीच्या मुलाला पटेल अशी.

३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. आडवा गुणाकार करून पाहा, छान सुटतो : ३००० पट म्हणजे १००१००१०००, त्यातून तिप्पट १००१००१ वजा.

आता समजा ३३३६६७ ला एखादा मूळ अवयव आहे. तो नऊ नवांच्या संख्येलाही भागेल. मग त्याने १ ला भागलं तर दशांशात नऊ अंकांनी आवर्तन पुरं होतं. खरं आवर्तन त्याहून लहान असू शकतं, पण त्याच्या लांबीने ९ ला भाग जायला हवा : म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर तो ९ चा मूळ अवयव, म्हणजे ३. लांबी ३ असेल तर तो ९९९ चा, म्हणजे ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीनने भाग जात नाही, आणि ३७ ने भागलं तर बाकी १ उरते. म्हणून लांबी नेमकी ९.

दुसरं अंग फर्माने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमाचं : २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या आवर्तनाची लांबी त्या संख्येहून एकने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागते. मुलांनी हे ताडून पाहिलं. ७ चं आवर्तन सहा अंकी (१४२८५७), आणि ७ वजा १ सहा. १३ चं सहा, बारा भागले जातात. ४१ चं पाच, चाळीस भागले जातात. १०१ चं चार, शंभर भागले जातात.

म्हणजे आपल्याला हवा तो भाजक एकने कमी केला की ९ ने भागला गेला पाहिजे. शिवाय तो विषम, म्हणून १८ ने. याचा अर्थ १९, ३७, ५५, ७३ अशा अठराच्या उड्या. ५७७ पर्यंत अशा ३२ संख्या, त्यातल्या १५ संयुक्त (५५, ९१, १४५, २१७ वगैरे). उरल्या १७ मूळ संख्या.

एकशे सहाच्या जागी सतरा. मागच्या रविवारी ७, ११, १३, १७ ने केलेले सगळे भागाकार मुळात करायचेच नव्हते. तो रविवार फुकट गेला असं मात्र मी म्हणणार नाही. एकशे सहाचा कंटाळा अनुभवल्याशिवाय सतराची किंमत कळली नसती, आणि मुलांनी कारण एवढं कान देऊन ऐकलंही नसतं.

४ जानेवारी

सतरा भागाकार, दोन-दोन मुलांच्या जोड्या. प्रत्येक भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा, बाकी जुळली तरच फळ्यावर. पुढे करणाऱ्यांनी पडताळायला बाक्या :

१९ → ८, ३७ → १, ७३ → ५७, १०९ → १८, १२७ → ३८, १६३ → ६, १८१ → ८४, १९९ → १४३, २७१ → ६६, ३०७ → २६५, ३७९ → १४७, ३९७ → १८७, ४३३ → २५७, ४८७ → ७२, ५२३ → ५१६, ५४१ → ४११, ५७७ → १६१.

शून्य कुठेच नाही. ५२३ ने जीव टांगणीला लावला होता, ५२३ × ६३८ = ३३३६७४, फक्त सातने हुकला. शेवटची १६१ फळ्यावर चढली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. ३३३६६७ मूळ संख्या आहे, आणि आता हे कुणाच्या शब्दावर विसंबून म्हणायचं नाही.

फलकावरची मुख्य ओळ तयार झाली :

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

यातल्या शेवटच्या वर्गाकडे जरूर पाहा : ३३३६६७² = १११३३३६६६८८९. त्याची नऊपट १००२००३००२००१, म्हणजे १००१००१ चा वर्ग. पुन्हा तोच जिना, यावेळी दोन-दोन शून्यांच्या अंतराने.

११ जानेवारी

विभाजकांची कार्डं. ३ चे घात पाच प्रकारे (शून्य ते चार), ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन : ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. संख्या पूर्ण वर्ग आहे म्हणून ही गणती विषम. बावीस जोड्या लागतात आणि १११११११११ मधे एकटा उरतो, स्वतःचाच जोडीदार.

प्रत्येक जोडीचा गुणाकार सतरा अंकी येतो. सगळे पूर्ण गुणण्यापेक्षा अकराच्या ताळ्याने पहिली चाळणी लावली. आपल्या संख्येचा ताळा १, तेव्हा जोडीच्या ताळ्यांचा गुणाकारही अकराच्या हिशेबात १ च यायला हवा. उदाहरणार्थ १३६९ आणि ९०१८०२७०१८००९ : पहिल्याचे उरतात ५, दुसऱ्याचे ९, गुणाकार ४५, अकराने भागल्यावर बाकी १. बरोबर. शंका आली तेवढ्याच जोड्या पूर्ण गुणल्या.

छापायला देताना मात्र फसगत झाली. यादी लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये टाइप करून दुकानात दिली. छापून आलेल्या कार्डांतलं एक ईशाने हातात घेतलं आणि म्हणाली, "हे आपलं नाही." कार्डावर होतं १३७१७४२१०९७३९३६०. तिचा मुद्दा साधा होता : शेवटी शून्य आहे म्हणजे दहाने भाग जातो, आणि आपल्या संख्येला २ नेही भाग जात नाही, ५ नेही नाही. मग तिचा विभाजक शून्याने कसा संपेल?

स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच संख्या धरते, पुढचे अंक शून्य करून टाकते आणि सांगतही नाही. पंधरापेक्षा जास्त अंकांची कार्डं तीन :

१२३४५६७८९८७६५४३२१ चं झालं होतं …५४३००
४११५२२६३२९२१८१०७ चं झालं होतं …८१००
१३७१७४२१०९७३९३६९ चं झालं होतं …९३६०

उपाय : संख्या टाकण्यापूर्वी रकाना मजकूर म्हणून ठरवा, किंवा सरळ साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा. तीन कार्डं पुन्हा छापली.

सोहमने ब्राउझरमध्ये तपासलं तर तिथे तीच संख्या १२३४५६७८९८७६५४३२० दिसली, म्हणजे चक्क सम. कारण २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२, त्याच्या पलीकडे नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या संख्यांत विषम संख्यांना जागा नसते. पायथॉन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, तिथे सगळे ४५ विभाजक बिनचूक जुळले. पडताळा यंत्रावर घ्यायचा तर आधी यंत्राचा पडताळा घ्या. त्यासाठी हीच संख्या चांगली आहे : टाइप करा, एंटर दाबा आणि शेवटचे दोन अंक पाहा.

१७ जानेवारी

फलक लागला. डावीकडे आलेख कागदावरचा जिना, मधे अवयव, खाली कार्डांच्या जोड्या दोरीने बांधलेल्या. माणसं सगळ्यात जास्त वेळ जिन्यापाशी थांबली, आणि बरेच जण बोटाने रकाने मोजत होते.

शेजारच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी मुलांना विचारलं, "मग १११११११११ ही कापरेकर संख्या आहे का रे?" कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज घेतली की तीच संख्या परत मिळते. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

याची तयारी नव्हती. मुलांनी तिथेच फळ्यावर करून पाहिलं. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. कापरेकर संख्या नाही, पण आलं ते तिच्या बरोबर नऊपट. बाईंनी मुलांना तिथेच थांबू दिलं नाही, "नऊपटच का?" म्हणून धरून बसल्या. उत्तर असं : १ वर नऊ शून्यं या संख्येला नऊ नवांनी भागलं तर बाकी १ उरते, म्हणून तुकड्यांची बेरीज घेणं म्हणजे नऊ नवांनी भागून बाकी पाहण्यासारखंच. आणि १११११११११ स्वतः ९ ने भागली जाते, म्हणून तिचा वर्ग नऊ नवांनी निःशेष भागला जातो. बाकी शून्य, म्हणजे बेरीज नऊ नवांचीच पट असणार, आणि दोन तुकड्यांत मावेल अशी पट एकच.

फलकावर जागा होती तिथे ही बेरीज मार्करने लिहून टाकली. तिच्या खाली ईशाने आणखी एक ओळ जोडली : संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. भागलं तर १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

१८ जानेवारी

हिशेब : आलेख कागद, कार्डशीट, सनबोर्ड आणि छपाई मिळून हजार-बाराशे रुपये. त्यातला सनबोर्डच सगळ्यात महाग, तो टाळून जुन्या फळ्यावर लावलंत तर निम्म्यात होईल. वेळ सगळ्यात जास्त गेला तो २८ डिसेंबरला. तुम्ही १ जानेवारीची नोंद आधी वाचलीत तर तो वाचेल, पण निदान तासभर मुलांना लांबच्या यादीशी झगडू द्या.

लहान गटासाठी सात एकांपासून सुरुवात करा. १११११११ ला अठराच्या ऐवजी चौदाच्या उड्या लागतात : २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ आणि आठव्या ठिकाणी २३९. तिथे भाग जातो, जोडीदार ४६४९. एका सकाळीत होतं.

दहा एक सोपे आहेत : ११ × ४१ × २७१ × ९०९१. अकरा एकांना मात्र हाताने लागू नका. तिथे उड्या बावीसच्या आणि सगळ्यात लहान अवयव २१६४९, म्हणजे ९८४ व्या उडीवर. दुसरा ५१३२३९. सोहमला ते करायचंच आहे. त्याला सांगितलंय की आधी त्या ९८४ मधल्या संयुक्त संख्या गाळून किती मूळ संख्या उरतात ते मोजून आण, मग पुढच्या रविवारी बसू.